तीन डॉलर वीस सेंट

३.२० हा आकडा मी स्वतःच्या हाताने लिहिला होता, हे आधीच सांगून टाकते. टेक्सासमधल्या अर्व्हिंग शहरातल्या एका भारतीय रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत, बासमतीच्या पोत्यांना पाठ टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी आठवड्याचा पगारतक्ता भरत बसले होते आणि ‘ओव्हरटाइम’च्या रकान्यात २.१३ गुणिले १.५ हे सूत्र टाकून मोकळी झाले होते. उत्तर आले ३.१९५; ते मी उदारपणे ३.२० केले. त्या अर्ध्या सेंटाच्या उदारपणाची आठवण झाली की आजही कानशिले तापतात, कारण त्याच रकान्यामुळे माझ्यासकट पाच जणांचे पैसे दर आठवड्याला बुडत होते, आणि ते बुडवणारी व्यक्ती एम.कॉम. झालेली, हिशेबात स्वतःला चोख समजणारी मी होते.

अमेरिकेत मी २०११ साली नवऱ्यामागोमाग, एच-फोर व्हिसावर आले. या व्हिसावर राहता येते, शिकता येते, पण तेव्हा नोकरी करता येत नसे. २६ मे २०१५ पासून नियम बदलला आणि ज्यांच्या जोडीदाराचे ग्रीन कार्डाचे प्रकरण एका ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचले आहे, अशांना कामाचा परवाना मिळू लागला. माझा परवाना हातात पडला तोवर बायोडेटात साडेचार वर्षांची मोकळी जागा तयार झाली होती, आणि त्या मोकळ्या जागेचे काय करायचे हे कुठल्याच कंपनीच्या अकाउंट्स विभागाला कळेना. शेवटी ओळखीच्या एका बाईंच्या शब्दावर मी या रेस्टॉरंटात वेट्रेस म्हणून लागले. चिंचवडला आईला सांगताना ‘हॉटेलात मॅनेजमेंटचे काम’ असे सांगितले. बाबांना मात्र खरे सांगावे लागले, कारण त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘तासाला किती?’

तासाला दोन डॉलर तेरा सेंट. बाबांना वाटले, फोनमध्ये खरखर झाली. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले.

अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने ठरवलेले किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे आणि जुलै २००९ पासून ते तिथेच थांबलेले आहे. पण ज्या नोकराला महिन्याला तीस डॉलरांहून अधिक टीप नेहमी मिळते, त्याला मालकाने स्वतःच्या गल्ल्यातून केवळ २.१३ दिले तरी कायद्याला चालते, उरलेले ५.१२ गिऱ्हाइकाने ठेवलेल्या टिपेतून भरून निघाले असे धरायचे. या धरून चालण्याला तिकडे ‘टिप क्रेडिट’ म्हणतात. टीप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा असतो, आणि ही सवलत आपण घेत आहोत हे नोकराला आधी सांगायचेही असते. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा काही राज्यांत मालकाला ही सवलतच नाही. तिथे पूर्ण वेतन आणि टीप त्याच्या वर. टेक्सासने केंद्राचा आकडा जसाच्या तसा ठेवला आहे.

आमच्या लहानपणी पगाराच्या दिवशी बाबा आम्हाला स्टेशनाजवळच्या उडुप्याकडे डोसा खायला नेत. बिल बडीशेपेच्या ताटलीतून येई आणि परत आलेल्या सुट्ट्या पैशांतले एक-दोन रुपये बाबा बडीशेपेखाली सरकवून ठेवत. वर ठेवत नसत, कारण त्यांच्या मते देणाऱ्याने दाखवू नये आणि घेणाऱ्याला अवघडवू नये. टीप, खुशी, दिवाळीची पोस्त हे आपल्याकडचे सगळे शब्द देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा सांगतात. घेणाऱ्याच्या हक्काविषयी ते गप्प असतात. अर्व्हिंगमध्ये माझ्या किमान वेतनातले सत्तर टक्के बडीशेपेखाली होते. (तिथेही काउंटरवर बडीशेपेचा वाडगा होता आणि तो भरून ठेवणे हे माझेच काम होते.)

हा २.१३ कुठून आला, याचा शोध मी पुढे घेतला. २५ जून १९३८ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्टवर सही केली. त्यामागे त्यांच्या मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांची अनेक वर्षांची चिकाटी होती. ताशी पंचवीस सेंट किमान वेतन, आधी आठवड्याला चव्वेचाळीस आणि १९४० पासून चाळीस तास, त्यावरच्या प्रत्येक तासाला दीडपट, असा तो कायदा होता. पण हॉटेले आणि रेस्टॉरंटे त्याच्या बाहेरच राहिली. ती १९६६च्या दुरुस्तीने आत आली, आणि येताना टिप क्रेडिट बरोबर घेऊन आली: निम्मे वेतन मालकाने द्यायचे, निम्मे टिपेतून धरायचे. १९९१ साली किमान वेतन ४.२५ झाले, त्याचा निम्मा म्हणजे २.१३. १९९६ साली किमान वेतन पुन्हा वाढवताना निम्म्याचे हे नाते तोडून टाकले गेले, आणि २.१३ तिथेच गोठला. मी तेव्हा शाळेत होते. वीस वर्षांनी त्याच आकड्यावर मी कामाला लागले, आणि हे लिहीत असतानाही तो हललेला नाही. टिपेवर माणूस राबवण्याची रीत त्याहून जुनी आहे. पुलमन कंपनीच्या रेल्वेच्या शयनडब्यांतले कृष्णवर्णीय पोर्टर तुटपुंज्या पगारावर आणि प्रवाशांच्या मर्जीवर जगत, आणि ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ साली त्यांची संघटना उभी केल्यानंतर कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ साल उजाडले.

आता माझ्या चुकीकडे येते. मला हिशेब येतो हे मालकाच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनी पगाराचे काम माझ्याकडे दिले. ‘भाभी, तुम तो पढी-लिखी हो,’ एवढे पुरले. ओव्हरटाइम म्हणजे दीडपट, आणि आमचा दर २.१३, तेव्हा दीडपट ३.२०, इतके सरळ गणित मी मांडले. बर्फाच्या मशीनच्या बाजूला, वाफेने कडा सुटलेले मजूर खात्याचे पोस्टर लावलेले होते; ते लावणे कायद्याने सक्तीचे असते आणि बहुधा म्हणूनच ते कोणी वाचत नाही. एका मंद मंगळवारी, बर्फ पडण्याची वाट पाहत असताना मी ते वाचले. त्यात ‘नेहमीच्या दराच्या दीडपट’ असे होते. आपला नेहमीचा दर कोणता, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला, आणि रात्री घरी मजूर खात्याचे माहितीपत्रक काढून बसल्यावर उत्तर मिळाले. दीडपट करायची ती मालकाने दिलेल्या तुकड्याची नव्हे, पूर्ण किमान वेतनाची. ७.२५ची दीडपट १०.८७५. त्यातून टिप क्रेडिट वजा करायचे ते नेहमीचेच, म्हणजे ५.१२; जादा तासाला ते वाढत नाही. बाकी उरते ५.७५५, म्हणजे जवळजवळ ५.७६.

बावन्न तासांच्या आठवड्यात बारा तास ओव्हरटाइमचे. माझ्या सूत्राने त्याचे होत होते ३८.४० डॉलर, कायद्याने व्हायला हवे होते ६९.१२. फरक ३०.७२. एवढ्यात आमच्या घरची आठवड्याची भाजी येई. त्या रात्री मला झोप लागली नाही असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. झोप लागली, पण पहाटे चारला जाग आली आणि मी उठून नऊ आठवड्यांचे तक्ते पुन्हा मांडले.

बाबांना फोन केला तेव्हा चुकीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे त्यांना नवल वाटले. ‘दीडपटच? आमच्याकडे डबल होतं.’ ते चिंचवडला एका कारखान्यात प्रेसवर होते. १९४८च्या कारखाने अधिनियमाचे ५९वे कलम त्यांना कलम म्हणून ठाऊक नव्हते, पण दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर गेले की दुप्पट, हे त्यांना पाढ्यासारखे पाठ होते. कारखान्यात कोणी ओव्हरटाइम म्हणत नसे, ‘ओटी’ म्हणत, आणि ओटीचे पैसे हा आमच्या घरात पगाराहून वेगळा जिव्हाळ्याचा विषय असे; माझी कॉलेजची फी, आईच्या पाटल्या, गावच्या घराचे पत्रे ही सगळी ओटीची कमाई. शर्टाच्या खिशात बाबा एक बोटभर जाडीची डायरी ठेवत आणि सुटताना गेटवर उभे राहूनच त्या दिवसाचे तास लिहीत. कार्ड पंच होत असताना ही दुहेरी नोंद कशाला, असे मी एकदा विचारले होते. ‘कार्ड त्यांचं, डायरी माझी,’ असे ते म्हणाले होते.

मीही वही घातली. दोनशे पानी, चौकटीची, भारतीय दुकानातून आणलेली. कधी आले, कधी गेले, मध्ये किती वेळ खरोखर बसले. हे शेवटचे महत्त्वाचे, कारण जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास आमच्या तासांतून आपोआप वजा होत असे आणि त्या अर्ध्या तासात आम्ही उभ्याने दोन घास खाऊन नॅपकिनांच्या घड्या घालत असू. कामातून पूर्ण मोकळीक मिळाली तरच तो वेळ बिनपगारी धरता येतो, घड्या घालताना नाही. लिहायला लागल्यावर दिसू लागले की आमचे तास बुडत होते ते एका जागी नव्हे, चाळणीसारखे. दार उघडण्याआधीची टेबलांची मांडामांड तासांत धरलेली नव्हती. रात्री गल्ला जुळेपर्यंत थांबणे धरलेले नव्हते. फुटलेल्या प्लेटचे पैसे टिपेतून कापले जात. पण मालक टिप क्रेडिट घेत असेल तर नोकराच्या हाती जेमतेम किमान वेतनच पडते असे कायदा मानतो, त्यामुळे फुटलेली प्लेट, गल्ल्यातली तूट, बिल न देता पळालेले गिऱ्हाईक यांपैकी कशाचीही भरपाई त्याच्याकडून करून घेता येत नाही. आणि टिपेच्या पेटीतला एक हिस्सा मालकांच्या पुतण्याकडे जाई, जो आमचा मॅनेजर होता. ‘वो भी तो मेहनत करता है,’ असे त्याचे समर्थन होते आणि ते खोटे नव्हते. पोरगा खरोखर मेहनती होता. पण वेटर आणि टेबले पुसणारे आपसात टीप वाटून घेऊ शकतात, मॅनेजर त्यात हात घालू शकत नाही. मालक टिप क्रेडिट घेवो वा न घेवो, टीप त्याने किंवा त्याच्या व्यवस्थापकांनी ठेवून घ्यायची नाही, असे २०१८च्या मार्चमध्ये तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, आणखी स्पष्टपणे कायद्यात घातले.

सगळ्यात गोड वाटणारी पद्धत पंधरवड्याची होती. एका आठवड्यात पन्नास तास झाले की पुढच्या आठवड्यात तीस द्यायचे आणि दोन्ही मिळून ऐंशी, म्हणजे ओव्हरटाइम शून्य. ऐकायला हे इतके न्याय्य वाटते की दोन महिने मी तेही निमूट मान्य केले होते. कायदा मात्र प्रत्येक आठवडा वेगळा मोजतो. सात दिवसांची, एकशे अडुसष्ट तासांची एक चौकट, आणि तिच्यातले तास शेजारच्या चौकटीत सांडता येत नाहीत. हे वाचताना मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. शाळेत त्यांच्याविषयी एकच वाक्य पाठ केले होते, की त्यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९०पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी म्हणजे विश्रांती, एवढेच तेव्हा कळले होते. पण त्याआधी त्या कामगारांना आठवडा असा नव्हताच; एकामागून एक दिवस होते. मोजायला आधी कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मला अर्व्हिंगमध्ये पगारतक्त्यावर रेघा ओढताना कळले.

मालकांशी बोलायचे ठरवले तेव्हा मला कायद्याची भीती नव्हती, आपलेपणाची होती. दिवाळीला त्यांच्या घरून आम्हा सगळ्यांना मिठाईचे डबे आले होते. माझी मुलगी आजारी पडली तेव्हा त्यांच्या पत्नीने खिचडी करून पाठवली होती. परदेशात आपल्या माणसांकडे काम करताना तासांचा हिशेब मागणे म्हणजे सख्ख्या मावशीकडे जेवून उठल्यावर ताटाची किंमत विचारण्यासारखे वाटते, आणि हे वाटणे मालकाला पुरते ठाऊक असते. त्याने ते मुद्दाम वापरले असे मी म्हणणार नाही, पण न वापरण्याचे त्याला कारणही नसते. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, ‘भाभी, हम तो फॅमिली हैं. और ये हिसाब तो आपने ही बनाया था ना?’

या दुसऱ्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पण कागद होते. बाबांच्या डायरीमुळे सुचलेल्या त्या वहीला कायद्यातही जागा आहे, हे मला तोवर कळले होते. मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्स इथल्या मातीची भांडी बनवणाऱ्या कारखान्याच्या कामगारांनी दरवाजापासून कामाच्या जागेपर्यंत जाण्याचा आणि कामाची तयारी करण्याचा वेळ मागितला होता. त्या खटल्यात १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तासांच्या नोंदी ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, त्याने त्या नीट ठेवल्या नसतील तर कामगाराचा वाजवी अंदाजही पुरावा म्हणून चालेल, आणि तो खोडून काढण्याचे ओझे मालकावर येईल. पुढच्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून चालत जाण्याचा वेळ त्यातून वगळला आणि थकबाकी मागायला दोन वर्षांची मुदत घातली; जाणूनबुजून बुडवले असेल तर तीन, ही भर १९६६ साली पडली. नोंदींचे तत्त्व मात्र टिकले. थकबाकी सिद्ध झाली तर तेवढीच रक्कम भरपाई म्हणून वर द्यावी लागू शकते, हे बाबांना सांगितल्यावर ते हसून म्हणाले, ‘म्हणजे डबल आहे की तुमच्याकडेही. फक्त चोरी पकडल्यावर.’

दोन आठवडे ताणाताणी चालली. शेवटी त्यांनी सूत्र बदलू दिले, पुतण्या पेटीतून बाहेर पडला, आणि ज्या तिघांनी मागचा फरक लेखी मागितला त्यांना तो मिळाला. दोघांनी मागितला नाही. एकीला नोकरी टिकवायची होती, आणि दुसरा म्हणाला की तीस डॉलरांसाठी कोण तोंड वाईट करील. मी त्यांना फार आग्रह केला नाही. ज्या बाईने पैसे कापले तिनेच ते मागायला लावणे मला जमले नाही. तंदूरवरचे उस्तादजी ‘मॅनेजर’ या पदनामाखाली ठरीव पगारावर होते आणि साठ-साठ तास राबत. खरे पाहता आठवड्याला किमान ४५५ डॉलर पगार आणि खरोखर व्यवस्थापकाचे काम, अशा दोन्ही अटी जुळल्या तरच अशा माणसाला ओव्हरटाइम नाकारता येत असे. तो आकडा १ डिसेंबर २०१६पासून ९१३ होणार होता, पण नऊ दिवस आधी टेक्सासमधल्याच एका संघीय न्यायालयाने तो नियम थांबवला. उस्तादजींना ही बातमी मीच सांगितली. त्यांनी विचारले, ‘पहले कितना था?’ आणि ऐकून पुन्हा नान लावायला वळले.

मी ती नोकरी २०१७च्या अखेरीस सोडली. आता एका छोट्या फर्ममध्ये पगारपत्रकेच करते. टीप देताना आजही बिलावर ‘सर्व्हिस चार्ज’ आहे का ते पाहते, कारण सक्तीने लावलेले ते शुल्क कायद्याच्या लेखी टीप नसते, मालकाचे उत्पन्न असते, आणि गिऱ्हाईक मात्र टीप दिली या समाधानात घरी जाते. पुण्याला आल्यावर हाच वाद ऐकला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये काढलेली, बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये उचलून धरली. बातम्यांत सगळा भर ग्राहकावर होता, ताटल्या उचलणाऱ्या पोऱ्याला त्यातून काय मिळत होते हे मला कुठे वाचायला मिळाले नाही. त्याला जादा तासाला दुप्पट द्यावे असे आपला कायदाही सांगतो, आणि ते दुप्पट मोजून घेतलेला एकही पोऱ्या मी आजवर पाहिलेला नाही. अमेरिकेत त्याच २०२५च्या जुलैमध्ये टिपेच्या उत्पन्नावर वर्षाला पंचवीस हजार डॉलरांपर्यंत आणि ओव्हरटाइमच्या दीडपटीतल्या वरच्या अर्ध्यावर साडेबारा हजारांपर्यंत आयकरातून वजावट देणारा कायदा झाला, २०२८पर्यंतच्या मुदतीने. माझ्या डेस्कवर त्याचे प्रश्न रोज येतात. ज्याचा आयकर मुळात नावापुरता आहे त्याला या वजावटीने फारसे काही हाती लागत नाही, आणि २.१३ला या कायद्याने हात लावलेला नाही.

वही अजून आहे. मध्यंतरी घर बदलताना ती सापडली आणि मी चाळत बसले. माझ्या तासांच्या शेजारी, समासात, ‘दा.’ असे एक अक्षर ठिकठिकाणी आहे. भांडी घासणारा नेपाळी माणूस. आम्ही त्याला दाजू म्हणायचो. सकाळी मी येई तेव्हा तो आधीच आलेला असे आणि रात्री मी निघे तेव्हा सिंकवर वाकलेला असे. त्याला टीप नव्हती म्हणून २.१३ही नव्हते, त्याला रोख मिळे, आणि रोखीचा माणूस माझ्या तक्त्यात नव्हता. ज्यांच्या थकबाकीसाठी मी भांडले त्यांच्यात तो नव्हता. कागदपत्रे असोत वा नसोत, केलेल्या कामाचे वेतन त्यालाही हा कायदा देतो, हे मला ठाऊक होते. ताणाताणीच्या दुसऱ्या आठवड्यात तो यायचा बंद झाला आणि कोणी विचारले नाही.

शेवटच्या पानावर मी त्याचे मला माहीत असलेले तास मांडले आहेत: अकरा आठवडे, चाळिसाच्या वरचे २३१. पुढचा रकाना रकमेचा आहे. तो रिकामा आहे, कारण त्याला आठवड्याला किती मिळत होते, हे मी त्याला कधी विचारलेच नव्हते.